'भाषाप्रभू' नव्हे, भाषाकार

निपाणीहून एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, चित्रपटांसाठी आणि दूरचित्रवाणी मालिकांसाठी नवी भाषा तयार करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला मराठीत एका शब्दात काय म्हणावे. तिच्या महाविद्यालयातील एका व्याख्यानात अशा व्यक्तीचा उल्लेख 'सांकेतिक भाषांचे निर्माते आणि भाषाप्रभू' असा झाला व तो तिला खटकला. तो खटकायलाच हवा होता. 'भाषाप्रभू' ही पदवी आपण सभा जिंकणाऱ्या प्रत्येक वक्त्याला इतक्या सढळ हाताने वाटली आहे की, तिच्यावर अधिक शाई खर्च करण्याची माझी इच्छा नाही. 'सांकेतिक भाषा' हा प्रयोग मात्र मी वारंवार ऐकतो, आणि दर वेळी तितकाच वैतागतो.

सांकेतिक भाषेला, म्हणजे गुपित राखण्यासाठी केलेल्या बोलीला (कर्णबधिरांची खुणांची भाषा वेगळी), स्वतःचे व्याकरण नसते. दलालांची आणि व्यापाऱ्यांची जुनी नंदभाषा पाहा. तिच्यात तीनला 'उधानू' आणि पाचला 'मुळू' म्हणत. परंतु 'मुळू रुपयांना दिला' या वाक्यातील प्रत्यय, क्रियापद आणि शब्दांचा क्रम हे सारे मराठीच राहते, कारण गिऱ्हाइकाला आकडा कळू नये एवढाच तिचा हेतू असतो. मुलांची 'च'ची भाषा तर एका दुपारीत उलगडते. याउलट मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता सर्वांत शेवटी येतो. 'आंबा खातो मुलगा' हा तिथला साधा, सरळ क्रम होय. मानवी भाषांत हा क्रम अत्यंत विरळा असल्यामुळेच परग्रहावरच्या लोकांसाठी तो निवडला गेला. 'बाहुबली'मधील (२०१५) कालकेयांचे बोलणे पुष्कळांना निरर्थक बडबड वाटले. पण मदन कार्की यांनी त्या किलिकी भाषेसाठी सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम तयार केले होते. याला संकेत म्हणणे म्हणजे घर बांधणाऱ्याला कुलूप बसवणारा म्हणण्यासारखे आहे.

शब्द हवा तो 'भाषाकार', आणि तो सुचवण्यामागे माझा थोडा स्वार्थही आहे, कारण त्यातील 'कार' हा माझा फार लाडका प्रत्यय आहे. 'कार' म्हणजे करणारा, हे सांगण्याची गरज नाही. गंमत त्याच्या झिजण्यात आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' प्राकृतात गळून पडला, म्हणून कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार आणि कांस्यकाराचा कासार. खानापूरच्या कुंभाराच्या नावातील जो 'आर' आहे, तो मूळचा 'कार'च. चाकावरच्या मातीसारखा तो शतकानुशतके हाताखाली गुळगुळीत होत गेला. आता बेळगावच्या बाजारात बांगड्या भरायला बसा. मराठी बाई म्हणेल कासार, कानडी बाई म्हणेल 'बळेगार'. 'बळे' म्हणजे बांगडी, जसे 'हूगार' या शब्दातील 'हू' म्हणजे फूल. हा 'गार'ही तोच 'कार' आहे! मराठीत 'क' गळाला, कानडीत तो मऊ होऊन 'ग' झाला, आणि दोन्ही भावंडे एकाच गल्लीत, एकाच गिऱ्हाइकाला बांगड्या विकत आली.

आमच्याकडील काही अभ्यासक 'गुन्हेगार', 'खिदमतगार' असे दाखले देऊन कानडी 'गार' हा फारसीतून आल्याचे छातीठोकपणे सांगतात. त्यांनी कृपा करून शाळेतील कानडी व्याकरणाचे पुस्तक एकदा उघडावे. 'मळे' (पाऊस) आणि 'काल' यांचा समास 'मळेगाल' असा होतो आणि या बदलाला तिथे आदेशसंधी म्हणतात. सांध्यावरील 'क'चा 'ग' करण्यासाठी कानडीला इराणपर्यंत जाण्याचे काहीच कारण नव्हते. आपल्या 'कामगारा'तील 'गार' फारसी आहे, हे मला मान्य आहे. परंतु म्हणून प्रत्येक 'गार' फारसी ठरत नाही. माझ्या मांडणीतही एक खडा आहे, तो लपवत नाही: कानडीतही कुंभाराला 'कुंबार' म्हणतात, 'कुंबगार' नव्हे. तो शब्द प्राकृताकडून आयता, 'क' गळून गेल्यावरच आला असावा, असे माझे मत आहे.

हे विषयांतर वाटेल, पण भाषाकाराचे काम नेमके हेच असते. 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११) या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी दोथ्राकी रचली, आणि पुढे उच्च व्हॅलिरियन रचल्यावर तिच्यापासून तिच्या झिजलेल्या लेकी निर्माण केल्या, म्हणजे आधी संस्कृत घडवायचे आणि मग नियमाने झिजवून तिचे प्राकृत करायचे. याच नियमाने 'भाषाकार' दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे असता, तर 'ष'चा 'स' होऊन आणि 'क' गळून आज त्याला आपण 'भासार' म्हटले असते, आणि हूगारांच्या शेजारी 'भाषेगारां'ची आळी असती. हा शब्द रूढ करा असे मी म्हणत नाही. परंतु तो ऐकताच खरा वाटतो की नाही? तसे वाटायला लावणे हेच त्या धंद्यातील कसब आहे.

या धंद्यावर पोट भरते का, असेही विद्यार्थिनीने विचारले होते. पीटरसन यांनी तोच व्यवसाय केला. बाकीच्यांची चूल बहुधा दुसरीकडे पेटत होती. ओक्रँड यांनी १९७७ मध्ये बर्कली येथे मुत्सुन या भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. कॅलिफोर्नियातील त्या भाषेची शेवटची जाणकार स्त्री १९३० मध्येच वारली होती. पुढे ओक्रँड कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर अक्षरे आणण्याच्या कामात होते. 'अवतार' (२००९) या चित्रपटातील नावी भाषेचे कर्ते पॉल फ्रॉमर हे व्यवसायशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत होते, तर कार्की तमिळ चित्रपटांची गीते लिहितात. म्हणून दुसरी नोकरी धरून ठेवावी.

राहता राहिले स्त्रीलिंगी रूप. १९७४ मध्ये अमेरिकेतील एका बालमालिकेसाठी पाकुनी भाषा रचणाऱ्या व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या स्त्रीच होत्या, तेव्हा हा प्रश्न नवा नाही. 'कुंभारीण', 'सोनारीण' ही नावे बहुधा नवऱ्याच्या धंद्यावरून पडली, स्वतःच्या कसबावरून नव्हे. त्यामुळे 'भाषाकारीण' नको. 'ती भाषाकार आहे' असेच लिहावे, जसे 'ती चित्रकार आहे' असे आपण लिहितो.