बैठकीत होकार, टेबलावर जुनीच वही

प्रश्न : साठ्याच्या नोंदींसाठी नवी प्रणाली आणून चार महिने झाले. बैठकीत सगळे माना डोलावतात. पण जुने कर्मचारी दिवसभर वहीत लिहितात आणि संध्याकाळी एकदम संगणकात भरतात. सक्ती करावी का?

उत्तर : आधी त्यांच्यापैकी एकाशेजारी अर्धा दिवस बसा आणि वहीत काय जातंय ते बघा. 'निम्माच माल आला', 'बदली माल येणार' अशा शेऱ्यांना नव्या प्रणालीत रकानाच नसेल, तर वही सुटणार कशी? हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेतल्या हारवुड कंपनीच्या पायजमे बनवणाऱ्या कारखान्यातला एक प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. तिथे एका गटाला कामातला बदल नुसता समजावून सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं, तक्रारी वाढल्या आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांत प्रत्येकाला आखणीत घेतलं, ते लवकर सावरले आणि आधीपेक्षा पुढे गेले. तिथून कुणीच गेलं नाही. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटातल्या उरलेल्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या एका बदलाच्या आखणीत घेतलं, तर तेही भराभर सावरले. माणसं तीच होती! तेव्हा 'आमचे लोक बदलाला तयारच नसतात' हे जरा जपून म्हणा. निर्णय झाल्यावर 'सूचना कळवा' असा ईमेल धाडणं म्हणजे सामील करून घेणं नव्हे, हेही ओघानं आलंच. रकाने दुरुस्त झाले की मात्र वही बंद करण्याची तारीख जाहीर करा आणि पाळा. दुहेरी नोंदींचा कंटाळा शेवटी नव्या प्रणालीवरच निघतो.

प्रश्न : ७० टक्के बदल फसतात, असं सल्लागार सांगतात. मग सुरुवात तरी का करावी?

उत्तर : कशाचे ७० टक्के, हे त्यांना विचारा. १९९३ साली हॅमर आणि चॅम्पी या व्यवस्थापन-लेखकांनी आपल्या पुस्तकात कंपन्यांतल्या कामाच्या फेररचनेबद्दल ५० ते ७० टक्के असा अंदाज दिला आणि तो शास्त्रीय नसल्याचं तिथेच लिहिलं. आकडा राहिला, कबुली गळाली. त्यावर निर्णय घेऊ नका.

प्रश्न : दोन विभाग एकत्र करण्याला माझा विरोध होता. आता तेच मला टीमला सांगायचंय. पटल्याचं नाटक करू?

उत्तर : नाटक नको, कुरकुरही नको. 'मलाही पटलेलं नाही, पण वरून आलंय' म्हटलं की घटकाभर जवळीक वाटते. मग टीमला कुणी वालीच उरत नाही. काय ठरलं, का ठरलं, काय अजून ठरायचंय आणि ते कधी कळेल, एवढं सांगा. कुणी थेट विचारलंच, तर 'माझं म्हणणं मी मांडलं होतं, आता हे नीट पार पाडणं माझं काम' म्हणा. (निर्णय बेकायदा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लेखी नकारच हवा.) आणि टीमसमोर जाण्याआधी वरिष्ठांकडून एक नक्की करून घ्या : उद्यापासून कुणाची रजा कोण मंजूर करणार? पहिला प्रश्न तोच येईल.