न्यूझीलंडचं दक्षिण बेट: गाइडसोबत बस टूर घ्यावी की स्वतः गाडी चालवावी?

तुम्ही विचारलंय की क्राइस्टचर्चहून निघणारी आठवडाभराची बस टूर घ्यावी, की गाडी भाड्याने घेऊन आपणच फिरावं. मी टूर केली आहे आणि तुम्हालाही तीच सुचवेन. फक्त पैसे भरण्याआधी मुक्काम कुठे आहेत ते नीट वाचा. स्थळं सगळ्यांची तीच असतात: टेकापो आणि पुकाकी ही सरोवरं, आओराकी माउंट कुक हा डोंगर, क्वीन्सटाउन शहर, मिलफर्ड साउंड ही डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी. फरक पडतो तो रात्री कुठे काढायच्या यात.

मिलफर्डचंच बघा. क्वीन्सटाउनहून ते सुमारे 290 किलोमीटर. पुष्कळ टूर हे जाऊन-येऊन एका दिवसात उरकतात. बोटीची फेरी आणि थांबे धरले की सकाळी निघालेले लोक रात्रीच परततात, आणि येताना निम्मी बस झोपलेली असते. वाटेतल्या टी अनाऊ गावी मुक्काम असेल तर एका बाजूचं अंतर 120 किलोमीटरवर येतं. वाटेवरच्या एग्लिंटनच्या दरीत निवांत उतरता येतं. पुढे 1954 मध्ये खुला झालेला होमर बोगदा, सव्वा किलोमीटरचा, मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उतरता. थंडीच्या महिन्यांत हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हा रस्ता अधूनमधून बंद ठेवतात आणि चाकांच्या साखळ्या सोबत बाळगाव्या लागतात. अशा वेळी स्टिअरिंग जाणत्याच्या हातात असलेलं बरं.

मिलफर्डला पाऊस लागला तर हळहळू नका. तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे कायम वाहतात. बाकीचे शेकडो पावसातच अवतरतात. उघडिपीत भेटतात त्या चावऱ्या माशा, सँडफ्लाय. त्यांचं मलम आधीच घेऊन ठेवा.

आओराकीचं नेमकं उलटं. ढग आले की 3,724 मीटरचा डोंगर समोर असून दिसत नाही. म्हणून तिथे निदान एक रात्र हवीच, दोन मिळाल्या तर उत्तम. पुकाकीच्या काठावर फोटोपुरतं थांबवून पुढे पळवणारी टूर मी तरी घेणार नाही. त्या पाण्याचा दुधाळ निळा रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे येतो, आणि तो उन्हाबरोबर बदलत जातो.

बसमध्ये जागा रोज बदलतात का, हेही विचारा. आओराकीच्या पायथ्याच्या गावाकडे जाताना पुकाकी उजव्या हाताला राहतं. वानाका गावाहून पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टकडे जाताना आधी हावेया सरोवर उजवीकडे, मग खिंडीसारखी जागा ओलांडली की वानाका सरोवर डावीकडे. एकाच खिडकीला चिकटून बसणाऱ्याचं अर्धं हुकतं.

ड्रायव्हर वेळेवर अडून बसला तर चिडू नका. साडेपाच तास काम झालं की अर्ध्या तासाची विश्रांती तिथे कायद्याने सक्तीची आहे, दिवसभराच्या तासांनाही मर्यादा आहे. बरेचदा तोच गाइडही असतो.

तुम्हाला टेकापोला रात्री जागून तारे टिपायचे असतील, किंवा ढग हटेपर्यंत एकाच काठावर दोन दिवस बसायची तयारी असेल, तर मात्र स्वतःची गाडीच घ्या. वाहनं तिथेही डाव्या बाजूनेच चालतात.