किती ग्रॅमचं मेटल लावू?

प्रश्न : दादा, मी मूळचा देवगडचा, दीड वर्षापासून इंग्लंडमधे डॉर्सेटला आहे. चेसिल बीचवर बास (सी बास मासा) गरवायला जातो. रॉड ९ फुटी, त्यावर फेकायचं वजन १०-३० ग्रॅम लिहिलंय. लांब जावं म्हणून ४० ग्रॅमचं मेटल (धातूचं खोटं आमिष) घेतलं, जातंही लांब, पण मासा लागत नाही आणि शेजारचे एक आजोबा छोटंसं मेटल टाकून दोन बास घेऊन गेले. नेमकं किती वजन लावू?

उत्तर : भावा, आधी ते ४० ग्रॅमचं पेटीत टाक. रॉडवरचा आकडा उगाच छापलेला नसतो. मी इथे आलो त्या पहिल्याच वर्षी अशाच रॉडवर ४२ ग्रॅमचं लावून जीव खाऊन फेकलं, रीलची बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) मधेच पडली, लीडर (दोरीच्या टोकाचा जाड तुकडा) तटकन तुटला आणि मेटल गोळीसारखं सुटलं. डावीकडून एक बाई मुलाचा हात धरून येत होत्या, त्यांच्यापासून पंधरा-वीस हातांवर खडकावर आपटलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून २८ ग्रॅमच्या वर या रॉडवर मी कधीच जात नाही. १०-३० चा रॉड खरा खुलतो तो १८ ते २४ ग्रॅमला, फेकताना पूर्ण वाकतो आणि स्वतःच काम करतो, हाताला जोर लावावा लागत नाही.

आता आजोबांचं गुपित. चेसिल म्हणजे आपली पुळण नाही. जवळजवळ २९ किलोमीटर लांब गोट्यांचा बांध आहे तो, वेस्ट बेकडे वाटाण्याएवढे गोटे आणि पोर्टलंडकडे बटाट्याएवढे, आणि पाणी काठालाच खोल. लाट गोटे उकरते तिथे खाणं सुटतं, म्हणून बास कित्येकदा तुझ्या पायापासून दहा-वीस मीटरवर काठाला लागून फिरतो. तू त्याच्या डोक्यावरून ८० मीटर पलीकडे फेकतोस आणि जड मेटल तळाला अडकू नये म्हणून भराभर गुंडाळतोस, म्हणजे जिथे मासा आहे तिथून ते सुसाट निघून जातं. त्यापेक्षा १८ किंवा २१ ग्रॅमचं घे, सरळ समोर न फेकता काठाच्या बाजूने तिरकं फेक, आणि हळू आण. शेवटच्या लाटेपर्यंत आण, वर उचलायची घाई करू नको, मला निम्मे बास तिथेच लागलेत.

वजन बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? मेटल पाण्यात पडलं की मोजायला लाग, एक, दोन, तीन... ताणलेली दोरी अचानक सैल पडली की तळ लागला. पुढच्या वेळी त्याच्या दोन आकडे आधी गुंडाळायला सुरुवात कर. मोजता मोजता दोरीला बाक येऊन मेटल बाजूला वाहत गेलं आणि तळ कळलाच नाही, तर एक पायरी जड लाव. तळ लगेच लागतो आणि दर फेकीला शेवाळ येतंय, तर एक पायरी हलकं. एवढंच. तळापर्यंत पोचणारं सगळ्यात हलकं वजन, माझा हिशोब हाच. पेटीत १४, २१ आणि २८ असली की तुझं काम झालं.

२८ कधी? नैऋत्येचा वारा तोंडावर आला की, आणि चेसिलला तो बहुतेक वेळा तोंडावरच असतो. तेव्हा रुंद चमच्यासारखं नको, ते वाऱ्यात गिरक्या घेतं, लांबट जाडसर घे. टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन असल्याने तेवढ्याच वजनाचं छोटं मिळतं, व्हाइटबेट, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, काठाला आली असली की फार उपयोगी, पण महाग आहे आणि दगडात गेलं की जीव हळहळतो. वेल्सच्या बाजूला ब्रिस्टल चॅनलला गेलास तर हे सगळं गणित बदल, तिथे मोठ्या उधाणाला पाणी १४ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, ओढ भयंकर, तिथे ४० ग्रॅम झेपणारा वेगळाच रॉड लागतो.

आणि एक कळकळीचं. ट्रेबल (तीन काट्यांची गरी) काढून एकच गरी लाव. ४२ सेंटिमीटरच्या आतला बास सोडायचाच आहे, आणि तेवढा व्हायला त्या बिचाऱ्याला सहा-सात वर्षं लागतात. ओल्या हाताने धर, पण गालफडाची कड सांभाळ, ब्लेडसारखी कापते. दिवसाला किती ठेवायचे आणि कोणत्या महिन्यात, तो नियम दरवर्षी बघून घे, बदलत असतो.

प्रश्न : रत्नागिरीला जिताड्यासाठी हीच मेटल चालतील का? त्यालाही सी बासच म्हणतात ना?

उत्तर : नाव तेवढं सारखं, मासा वेगळा, कुळ पण वेगळं. जिताडा खाडीच्या तोंडाला, खडकाच्या आडोशाला, कांदळाच्या मुळांशी दबा धरून बसतो, पाणी गढूळ, तिथे पळणारं मेटल त्याच्या तोंडासमोरून निघून जातं. त्याला रबरी मासा किंवा हळू डुलणारा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं खोटं आमिष) बरा. मेटल वापरायचंच तर १४ ते २० ग्रॅमचा रुंद चमचा घ्या, भांगाच्या दिवसात, ओढ कमी असताना, थांबत थांबत आणा. आणि खूप मोठा लागला तर शक्यतो सोडा. जिताडा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो, म्हणजे ती मोठी बहुतेक अंड्यावरची आईच असते.