टूथ फेअरीने किती डॉलर ठेवायचे? एका मराठी घरातला अनुभव

अमेरिकेतल्या मराठी आईवडलांकडून हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारताना बहुतेकांना अवघडल्यासारखं होतं, की मॅडम, मुलाचा दात पडला की टूथ फेअरीच्या, म्हणजे रात्री उशीखालचा दात नेऊन पैसे ठेवून जाणाऱ्या परीच्या, नावाने उशीखाली किती पैसे ठेवायचे? जास्त ठेवले तर पोर लाडावेल, कमी ठेवले तर शाळेत हिरमुसेल, मग करायचं काय. न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते, त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीतला. खालचा पुढचा दात पडला, आईने रात्री उशीखाली एक डॉलर ठेवला. सकाळी पठ्ठ्या नाचत शाळेत गेला आणि दुपारी एकदम गप्प होऊन घरी आला, कारण स्कूल बसमधल्या मित्राला त्याच आठवड्यात वीस डॉलर मिळाले होते. मग घरात वादाला सुरुवात. बाबांचं म्हणणं की या वयात पैशाची चटक नको, आईचं म्हणणं की पुढच्या दाताला आपणही वीसच ठेवू, इथे आपलं पोर कशात कमी पडायला नको, आणि सांगलीहून आलेल्या आजी म्हणत होत्या की ही कुठली परी काढलीत, दात छपरावर टाकायचा आणि उंदीरमामाला सांगायचं, जुना घे नवा दे, झालं. या वादात आठ-पंधरा दिवस गेले आणि एक दिवस आईला मुलाच्या पेन्सिल बॉक्समध्ये टिश्यूत गुंडाळलेला दुसरा दात सापडला. पडलेला त्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. तेव्हा तिने मला फोन केला.

मुलाशी मी चित्रं काढत काढत बोलले. दात परीला का नाही दिलास रे, असं विचारलं तर बराच वेळ खालीच बघत राहिला आणि मग म्हणाला, "माझा दात घाण आहे, म्हणून एकच डॉलर मिळाला. आता दिला तर ती आईला सांगेल."

हे आलं कुठून, तर आईच रोज रात्री त्याला म्हणायची, नीट ब्रश कर, चकचकीत दाताला परी जास्त पैसे देते. हे कितीतरी घरांत म्हटलं जातं आणि हेतू अगदी चांगला असतो, पण सहा वर्षांचं मूल असं वाक्य शब्दशः घेतं आणि उलटंही लावून बघतं, चांगल्या दाताला जास्त तर कमी मिळालेला दात वाईटच असणार, आणि दात वाईट म्हणजे मी वाईट. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत तो ब्रश घासत होता, आणि घरातल्यांना वाटत होतं की याला पैशाचा हट्ट लागलाय. पैशाचं त्याला फारसं काही नव्हतंच हो, त्याला भीती बसली होती.

आईवडलांशी बोलताना आधी आकडेच समोर ठेवले, कारण 'सगळे वीस देतात' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दातांच्या विम्याची डेल्टा डेंटल नावाची कंपनी १९९८ पासून याचा सर्व्हे करते. तेव्हा एका दाताला सरासरी १.३० डॉलर मिळायचे, २०२३ मध्ये ते ६.२३ वर गेले, २०२४ मध्ये ५.८४ आणि २०२५ मध्ये ५.०१ झाले. म्हणजे वीसवाला मित्र सरासरीच्या कितीतरी पुढे आहे, आणि सरासरी म्हणजे काही कमीत कमी फी नाही, तिच्या खाली देणारी घरंही भरपूर आहेत. शिवाय दुधाचे दात वीस असतात, सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत पडत राहतात. वीस डॉलरने सुरुवात केली तर एका मुलामागे चारशे डॉलर होतात, आणि मागून धाकटी बहीण आहेच!

बाबांना मी १९०८ चं सांगितलं. त्या वर्षी शिकागो डेली ट्रिब्यूनमध्ये घरगुती सूचनांच्या सदरात टूथ फेअरीचा उल्लेख आला, हलणारा दात काढू न देणाऱ्या मुलांसाठी, आणि आयांना सल्ला काय होता, तर पाच सेंटच्या काउंटरवरून छोट्या वस्तू आणून ठेवा. मुलाची दात पडण्याची भीती जावी म्हणून ही गंमत होती, किती द्यायचं याची स्पर्धा त्यात नव्हती. आणि आजींचा उंदीरही मागासलेला वगैरे अजिबात नाही, स्पेनमध्ये आजही परीऐवजी पेरेझ नावाचा उंदीरच येतो. लुईस कोलोमा यांनी १८९४ च्या सुमारास ती गोष्ट आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या अल्फोन्सोचा, दात पडला तेव्हा लिहिली. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून नवा दात त्याच्याकडेच मागायचा. हे ऐकून आजी इतक्या खूश झाल्या की त्या रात्री नातवाला दोन्ही गोष्टी त्यांनीच सांगितल्या.

मग ठरवलं काय, तर प्रत्येक दाताला दोन डॉलर, यापुढे विसाव्यापर्यंत तेवढेच, आणि बहिणीलाही तेवढेच. दोन डॉलरची नोट रोज हातात येत नाही पण बँकेत मागितली की मिळते, आणि त्या नोटेचंच मुलाला इतकं अप्रूप वाटलं की विचारू नका. पेन्सिल बॉक्समधला दात उशीखाली गेला, सोबत परीची चिठ्ठी आली की किती ठेवायचं ते मी त्या घरच्या आईबाबांना विचारून ठरवते, दात बघून ठरवत नाही. मित्राला वीस का, याचंही उत्तर त्यातच आलं, त्याच्या घरी तसं ठरलंय. ब्रशचा आणि परीचा संबंध पूर्ण तोडला. आईने त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगितलं की तुझे दात छान आहेत, मी ते उगाच म्हणत होते. ब्रश कीड लागू नये म्हणून करायचा, बस्स. हिरड्यांचं डेंटिस्टना दाखवून घेतलं, मऊ ब्रश आणला.

बाबांना एक काळजी राहिलीच होती, की हे खोटं बोलणं नाही का. मी म्हटलं, परी खरी असते का असं तो विचारेल तेव्हा आधी 'तुला काय वाटतं' असं विचारा, आणि त्याला खरं जाणून घ्यायचंच असेल तर सरळ सांगून टाका. त्यानंतरही दाढा पडतील तेव्हा दोन डॉलर द्या, कळलं म्हणून बंद करू नका, नाहीतर पुढचं मूल कळूनही गप्प बसतं. भारतातल्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर पाचशे रुपये जाहीर करायचे असतील तर ते वाढदिवसाला करू द्या, दातावर नको.

आणि दात हरवला किंवा सँडविचबरोबर गिळला गेला, हे बऱ्याचदा होतं, तर घाबरू नका, मुलाला परीसाठी चिठ्ठी लिहायला सांगा आणि पैसे ठरलेले तेवढेच ठेवा.