वाचकांचे प्रश्न : अम्मीला शुश्रूषा केंद्रात ठेवावे का?

प्रश्न : अम्मी 76 वर्षांची. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, लघवीवर ताबा नाही, डायपर लागतो. मी आणि बायको दोघेही सातपूरला कामावर जातो. केंद्रात ठेवायचे म्हटले तर नातेवाईक म्हणतात, हा गुनाह आहे. अम्मीला धास्ती नमाज सुटण्याची.
– एक वाचक, वडाळा गाव, नाशिक

उत्तर : कुरआनच्या 17व्या सूरेत (आयत 23-24) म्हाताऱ्या आईवडिलांना ‘उफ्’देखील म्हणू नका, असे बजावले आहे. ही जबाबदारी फी भरून उतरत नाही. पण दिवसभर ओल्या डायपरमध्ये एकटी पडलेली आई घरात आहे, एवढ्याने तिचा हक अदा होतो असेही नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर पाठीला, टाचांना जखमा होतात. हे करायला दिवसा घरी कोणी नसेल, तर जाणत्या हातांत सोपवणे गुनाह नाही. गुनाह आहे तो ठेवून विसरण्यात. अम्मीची राजीखुशी मात्र आधी घ्या, आणि तिच्यासमोर खर्चाची रड नको. तिच्याकडे पैसे नसतील, तर हनफी फिकहनुसार (इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेनुसार) खर्च मुलगा आणि मुलगी दोघांवर येतो. जकातीतून (गरिबांसाठीच्या सक्तीच्या दानातून) स्वतःच्या आईची फी भरता येत नाही.

नमाज सुटायचे कारण नाही. लघवी सतत गळत असेल, म्हणजे नमाजीच्या अख्ख्या वक्तात (वेळेत) वुजू (नमाजीआधी हात-तोंड-पाय धुणे) करून फर्ज (सक्तीची नमाज) पढण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर हनफी मतानुसार ती माजूर (सवलतीची हकदार) ठरते. एका वक्ताला एक वुजू पुरते, मध्ये लघवी झाली तरी ती तुटत नाही. नमाजीच्या आधी डायपर बदलावा. तो लगेच पुन्हा भिजत असेल, तर दर वेळी उलथापालथ करून तिला दमवू नये.

पाण्याने त्रास होत असेल किंवा वुजू करवणारे कोणी नसेल, तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्धी. उशाशी मातीची कोरी कौलाची फरशी ठेवा. त्यावर हात एकदा टेकवून चेहरा, दुसऱ्यांदा टेकवून कोपरांपर्यंत हात पुसायचे. इथे नेहमी चूक होते ती ऑइलपेंटच्या भिंतीवर हात फिरवण्याची. ते चालत नाही.

नाशकातून किबला (नमाजीत तोंड करायची काबाची दिशा) पश्चिमेपासून साधारण 9 अंश उत्तरेकडे आहे. खाटेचे डोके उत्तरेला केले, की उजव्या कुशीवर तोंड किबल्याकडे येते. पण अम्मीची उजवी बाजूच लुळी आहे. त्या कुशीवर फार वेळ ठेवले तर खांदा दुखावतो. तिच्यासाठी डोके पूर्वेला, पाय पश्चिमेला आणि डोक्याखाली उंच उशी बरी. पाय किबल्याकडे पाहून घरचे बिचकतात, पण आजारी माणसासाठी हनफी फिकहमध्ये हीच रीत सांगितली आहे. रुकूला (कमरेत वाकण्याच्या जागी) मान थोडी, सज्द्याला (कपाळ टेकण्याच्या जागी) जास्त झुकवायची.

केंद्राकडून दोन गोष्टी लेखी घ्या. अंघोळ आणि डायपर बाईमाणसाच्याच हातून, पडदा ओढून, अंगावर चादर ठेवून, धुवायचा तेवढाच भाग उघडा करत. आणि इंतकाल (मृत्यू) झाल्यास पहिला फोन कोणाला, गुस्ल (दफनाआधीची अंघोळ) कोण देणार, कब्रस्तान कोणते. रात्री दोन वाजता हे शोधत बसण्याची वेळ कोणावरच येऊ नये.

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमातले एक चाचा इन्सुलिनवर आहेत. रोजे धरणारच म्हणतात.
– व्यवस्थापक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : रमजानच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरांकडून सहेरी (पहाटेचे जेवण) आणि इफ्तारचे (रोजा सोडतानाचे) डोस लिहून घ्या; मनाने कमीजास्त करू नका. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे त्यांना मौलानांकडून ऐकवा. बरेच वडीलधारे याच भीतीने तपासणी टाळतात. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडवायचा. बरे होण्याची आशाच नसेल, तर 2ऱ्या सूरेतल्या 184व्या आयतीप्रमाणे फिदया (रोज्याच्या बदल्यातले दान) आहे : हनफी हिशेबाने एका रोज्यामागे एका गरिबाचे दोन वेळचे जेवण, किंवा साधारण पावणेदोन किलो गहू, नाहीतर त्याची किंमत. हे पैसे चाचांच्या हातूनच द्यावेत. रोजा नाही, तरी आपण काही केले, हे त्यांना लाभते.