सर्टिफिकेटचा फॉर्म भरण्याआधी

अरे, नोकरी करता करता अमेरिकेत ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करायचंय ना? मग कोर्स कुठला चांगला हे नंतर बघू. आधी युनिव्हर्सिटीचा कॅटलॉग उघड, जाहिरातीचं पान नव्हे. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणजे पदवीनंतरचा, मास्टर्सपेक्षा छोटा कोर्स: साधारण 12 ते 18 क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप), तीन-तीन क्रेडिटचे चार ते सहा विषय. नोकरी सांभाळून सेमिस्टरला एकच घे. दोन घेतलेस तर शनिवार-रविवार विसर.

खरी मेख पुढे आहे. हे क्रेडिट उद्या मास्टर्सला धरणार का, किती धरणार, किती वर्षांच्या आत? मी विचारलंच नव्हतं. चार विषय झाल्यावर कळलं, नऊच क्रेडिट चालतात. चौथ्या विषयाचे पैसे गेले आणि थंडीतले ते सगळे रविवारही. म्हणून युनिव्हर्सिटीच्या सल्लागाराकडून ईमेलवर लेखी घे; फोनवरचं 'हो हो' काही कामाचं नाही.

कंपनी फी देणार असेल तर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत तुला टॅक्स नाही. पण पैसे बहुतेकदा ग्रेड लागल्यावर मिळतात, तेही बी किंवा वरची असेल तर. तोवर कार्डावरचं व्याज तुझंच. आणि नोकरी सोडल्यास परत मागतात का, ते एचआरला विचार (जरा हळूच!).

एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, पार्टटाइम शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही. जीआरई ही प्रवेश परीक्षाही बऱ्याच ठिकाणी नको असते. मात्र आपल्याकडच्या ट्रान्सक्रिप्टला (कॉलेजच्या मार्कांचा अधिकृत उतारा) वेळ लागतो. पुण्यात कुणी भाऊ-बहीण असेल तर आजच तुझ्या जुन्या युनिव्हर्सिटीत पिटाळ.