कोल्हापूरजवळ मुलांना घेऊन पहिल्यांदाच पक्षी पाहायला जायचंय, दुर्बीण नाही. कुठे आणि कसं जावं?

सुरुवात कळंबा तलावापासून करा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण सूर्य उगवताना काठावर हवं. नऊनंतर पक्षी शांत होतात आणि मुलं कंटाळतात.

पहिल्या वेळी जाणकार माणूस सोबत हवाच. तो आवाजावरून पक्षी ओळखतो, आणि आपण नुसतं झाड बघत बसतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली या पक्षीतज्ज्ञांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. त्या दिवसांत जाणकारांसोबत पक्षी पाहण्याच्या फेऱ्या निघतात, चौकशी करून ठेवा. गट लहान असेल तोच निवडा.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. टिबुकली हा छोटा पाणपक्षी. ती बुडी मारते, मग कुठे वर येईल याचा अंदाज मुलांना बांधायला सांगा, तासभर हलणार नाहीत. तारेवर वेडा राघू (पोपट नव्हे, छोटा हिरवा पक्षी) दिसला तर थांबाच: मधमाशी हवेत पकडून तो परत जागेवर येतो, तारेवर आपटून-घासून तिची नांगी काढतो आणि मग गिळतो. हे साध्या डोळ्यांनीही दिसतं. पुढे घ्यायचीच झाली तर ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची दुर्बीण घ्या.

कपडे मातकट रंगाचे, पाण्याची बाटली, वही-पेन्सिल. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज मात्र वाजवू नका, विणीच्या काळात तर अजिबात नाही. दुसरा नर आला समजून पक्षी घरटं सोडून धावतो.

नंतर शिवाजी विद्यापीठाचा परिसर बघा. राधानगरी अभयारण्य मुलं जरा सरावली की.